व्हिनाइल फ्लोअरिंग : निवड, बसवणी आणि निगा

व्हिनाइल फ्लोअरिंग म्हणजे पीव्हीसी या प्लास्टिकपासून तयार केलेले जमिनीचे आच्छादन. पाण्याचे पाइप आणि विजेच्या तारांवरचे वेष्टन याच प्लास्टिकचे असते. मूळ पीव्हीसी कडक आणि ठिसूळ. १९२६ साली बी. एफ. गुडरिच या अमेरिकी कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ वाल्डो सेमन यांनी ते लवचीक करण्याची रीत शोधली आणि १९३३ च्या शिकागो प्रदर्शनात व्हिनाइलच्या फरश्या लोकांपुढे आल्या. जुन्या पिढीत अशा कोणत्याही गुंडाळीला सरसकट ‘लिनोलियम’ म्हणत, पण ती वस्तू वेगळी. लिनोलियम जवसाचे तेल, बुचाचा व लाकडाचा भुसा आणि तागाचे कापड यांचे बनते. सोड्यासारख्या अल्कधर्मी द्रव्यांनी ते खराब होते. व्हिनाइल सोडा आणि पाणी सोसते, मात्र उष्णता आणि थिनर सोसत नाही. निगा राखण्याचे बहुतेक नियम या एका फरकातून निघतात.

थरांची रचना

व्हिनाइलची पट्टी कापून कडेने पाहिली तर तीन-चार थर दिसतात. सर्वांत खाली आधाराचा थर, त्यावर गाभा, गाभ्यावर छापील नक्षीचा पातळ कागदासारखा थर आणि सर्वांत वर पारदर्शक झीज-थर. सागवान असो, संगमरवर असो वा मोझॅक, दिसते ते सारे छापलेले चित्र असते. पायांची, केरसुणीची आणि खुर्च्यांची घासाघीस झीज-थर सोसतो. तो संपला की चित्र उघडे पडते आणि काही महिन्यांत पुसट होते.

दुकानात ग्राहक नक्षी पाहतो. फ्लोअरिंग किती वर्षे टिकेल हे मात्र नक्षीच्या वर किती जाड थर आहे आणि आच्छादनाखालची जमीन कशी आहे, या दोन गोष्टींवर ठरते. नमुन्यांच्या वहीत यांपैकी पहिली नुसत्या डोळ्यांना कळत नाही आणि दुसरी तर दुकानात नसतेच.

प्रकार

बाजारात मिळणारे घरगुती व्हिनाइल ढोबळमानाने तीन प्रकारचे असते.

गुंडाळी किंवा शीट : साधारण दोन मीटर रुंदीचा सलग पन्हा. सांधे कमी असल्याने पाणी खाली झिरपण्याच्या वाटा कमी. काहींच्या खाली फोमचा थर असतो. त्यावर अनवाणी चालताना पायाला मऊ लागते आणि खालच्या मजल्यावर आवाजही कमी जातो, पण जड वस्तूंचे खळगे लवकर पडतात. एक मिलिमीटरच्या आतबाहेरची शीट सर्वांत स्वस्त असते आणि खालच्या फरशीचा प्रत्येक सांधा वर उमटवते.

गोंदाने चिकटवण्याच्या फरश्या व पट्ट्या : जाडी दोन ते तीन मिलिमीटर. एखादी पट्टी खराब झाली तर तेवढीच बदलता येते. जमीन सपाट करण्याचे काम मात्र नेटकेच लागते.

क्लिक पट्ट्या : जाडी चार ते आठ मिलिमीटर. कडांच्या खाचा एकमेकींत अडकवून बसवतात, गोंद लागत नाही. यांतला सध्या सर्रास विकला जाणारा प्रकार म्हणजे एसपीसी. त्याच्या गाभ्यात चुनखडीच्या दगडाची भुकटी भरपूर असल्याने तो कडक असतो आणि बारीकसारीक उंचसखलपणा झाकून नेतो. भाड्याच्या घरात ही सोय मोठी, कारण घर सोडताना पट्ट्या उकलून नेता येतात.

कुठे लावावे, कुठे टाळावे

बैठकीची खोली, झोपायची खोली, मुलांची खोली आणि घरातली कामाची जागा येथे व्हिनाइल चांगले शोभते. गुळगुळीत व्हिट्रिफाईड फरशीपेक्षा ते पायाला कमी गार लागते. थंडीत नाशिक-पुण्याच्या घरांत, तसेच वयस्कर माणसे व रांगणारी मुले असलेल्या घरांत हा फरक जाणवतो.

स्वयंपाकघरात ते चालते, पण तिथल्या सवयी ध्यानात घेऊन. जमिनीवर बसून विळीने भाजी चिरणे, खलबत्त्यात कुटणे, गॅसचे सिलिंडर ओढत नेणे यांपैकी एकेका कृतीने शीट फाटते किंवा खड्डा पडतो. विळी आणि खलबत्त्याखाली लाकडी पाट घ्यावा, सिलिंडर चाकांच्या ट्रॉलीवर ठेवावा.

आपल्याकडच्या न्हाणीघरात व्हिनाइल लावू नये. तिथे जमिनीला उतार असतो, बादलीने पाणी ओतले जाते आणि मोरीच्या कडेशी सांधा सतत भिजत राहतो. व्हिनाइल स्वतः कुजत नाही, पण त्याच्याखाली शिरलेले पाणी वाळायला वाट नसते. मग बुरशी धरते, गोंद सुटतो आणि कुबट वास येऊ लागतो. उघड्या गॅलरीत ऊन आणि पाऊस दोन्ही लागतात, म्हणून तीही वगळावी.

निवड करताना

पहिला प्रश्न नक्षीचा नको, झीज-थराच्या जाडीचा हवा. विक्रेते बहुधा एकूण जाडी सांगतात. झीज-थर वेगळा विचारावा लागतो. तो मिलिमीटरमध्ये किंवा ‘मिल’ या मापात लिहिलेला असतो. एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, म्हणजे ०.०२५४ मिलिमीटर. मिल आणि मिलिमीटर यांची गल्लत केली तर १२ मिलचा थर प्रचंड वाटेल, प्रत्यक्षात तो ०.३ मिलिमीटर असतो. क्वचित वापराच्या खोलीला ०.२ मिलिमीटर पुरतो, नेहमीच्या घरवापराला ०.३ आणि मोठे कुटुंब, पाळीव कुत्रा किंवा चाकांची खुर्ची असेल तिथे ०.५ मिलिमीटर घ्यावा. आठ मिलिमीटर जाडीच्या पट्टीवर ०.२ चा थर असेल, तर ती पाच मिलिमीटर जाडीच्या आणि ०.५ थराच्या पट्टीआधी जुनी दिसेल.

आयात मालाच्या खोक्यावर वापराचा वर्गही छापलेला असतो. २१, २२ आणि २३ हे आकडे घरगुती वापराचे, हलक्यापासून भारी वापरापर्यंत. ३१ पासून पुढचे दुकाने-कचेऱ्यांसाठी. घरासाठी २३ हा वर्ग निर्धास्त. भारतीय मानकांत लवचीक पीव्हीसी फ्लोअरिंगसाठी आयएस ३४६२ हे मानक आहे.

पृष्ठभाग चमकदार नसून थोडा खरखरीत, उठावाचा असावा. ओल्या पायांनी तो कमी घसरतो आणि चरे लपवतो. फार खोल उठावात मात्र धूळ आणि तेल साठते, म्हणून स्वयंपाकघरासाठी मध्यम उठाव घ्यावा. रंगाबाबत एवढेच : एकरंगी गडद जमिनीवर धूळ व चरे उठून दिसतात, पांढऱ्यावर डाग. मध्यम छटेची, रेषा असलेली लाकडी नक्षी दोन्ही झाकते.

नमुना घरी आणून जमिनीवर ठेवावा आणि सकाळच्या उजेडात व रात्रीच्या दिव्यात पाहावा. त्याच तुकड्यावर नाण्याची कड ओढावी, हळदीचा थेंब टाकून तासाभराने पुसावा, दुमडून सोडावा. ज्या शीटला घडीवर पांढरी चीर पडते ती घेऊ नये.

मऊ पीव्हीसीत मिसळल्या जाणाऱ्या मार्दवकांपैकी काही थॅलेट द्रव्ये आरोग्याला हानिकारक ठरली आहेत. युरोपीय संघात जुलै २०२० पासून डीईएचपीसह चार थॅलेटांचे एकत्रित प्रमाण बहुतेक घरगुती वस्तूंत ०.१ टक्क्यापेक्षा कमी असावे लागते. म्हणून मालावर ‘थॅलेटमुक्त’ असा उल्लेख आणि हवेत सुटणाऱ्या रसायनांसाठी फ्लोअरस्कोअरसारखे प्रमाणपत्र आहे का, हे पाहावे. बाळ जमिनीवर खेळत असेल तर हे विशेष महत्त्वाचे. उघडताच झोंबणारा वास येणारी शीट स्वस्त असली तरी नाकारावी.

खालची जमीन

व्हिनाइल खालच्या जमिनीचे दोष झाकत नाही, काही दिवसांत वर दाखवते. शहाबादीचे रुंद सांधे, उखडलेला कोबा, वर आलेला मोझॅकचा कोपरा यांची रेघ शीटवर उमटते आणि नेमकी त्या रेघेवर ती आधी झिजते.

प्रथम सपाटी तपासावी. दोन मीटरची सरळ ॲल्युमिनियमची पट्टी जमिनीवर निरनिराळ्या दिशांनी ठेवावी. पट्टीखाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट कुठेही दिसली, तर ती भरून घ्यावी. त्यासाठी जमिनीसाठीचे सेल्फ-लेव्हलिंग सिमेंट वापरावे. भिंतीची पुट्टी फासून काम उरकण्याची चाल आहे, पण ती पायाखाली भुकटी होते आणि शीटखालून करकरत राहते. फरशी नाण्याने ठोकून पाहावी. पोकळ वाजली तर ती उचलून पुन्हा घट्ट बसवावी.

मग ओल तपासावी. तळमजल्यावर, आणि कोकणपट्टीतील घरांत तर नक्कीच, जमिनीतून ओल वर चढते. दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने जमिनीला घट्ट लावावा आणि किमान १६ तास तसाच ठेवावा. उचलल्यावर आतून थेंब दिसले किंवा जमीन काळसर झाली, तर ओलीचा बंदोबस्त झाल्याशिवाय व्हिनाइल लावू नये. ही चाचणी पावसाळ्यात घेतलेली बरी. मे महिन्यात कोरडी ठणठणीत दिसणारी जमीन ऑगस्टमध्ये वेगळी असते. भिंतीला तळाशी लोणा लागलेला दिसत असेल तर चाचणी घेण्याआधीच उत्तर मिळाले असे समजावे. नव्याने टाकलेला कोबा पूर्ण वाळायला कित्येक आठवडे लागतात. घाई केली तर ओल खालीच अडकते.

गुळगुळीत व्हिट्रिफाईड फरशीवर गोंद नीट धरत नाही. ती घासून खरखरीत करावी किंवा प्रायमर लावावा. जुन्या इमारतीत नऊ इंची, कडक, जुनाट व्हिनाइल फरश्या असतील तर त्या घासू किंवा फोडू नयेत. पूर्वी अशा फरश्यांत ॲस्बेस्टॉस मिसळले जाई. त्याचे तंतू श्वासातून फुप्फुसात जाणे धोक्याचे असते. त्या शाबूत असतील तर तशाच ठेवून वरून आच्छादन घालणे सुरक्षित.

मोजमाप

शीट घेताना ती कोणत्या दिशेने पसरायची यावर खर्च बदलतो. १० बाय १२ फुटांची खोली घेऊ. क्षेत्रफळ १२० चौरस फूट. शीटची रुंदी दोन मीटर, म्हणजे सुमारे ६.५६ फूट. दोन्ही दिशांनी दोनच पन्हे लागतात. पन्हे खोलीच्या लांबीने टाकले तर प्रत्येकी १२ फूट, आणि दोन्ही टोकांना कापण्यासाठी तीन-तीन इंच धरून १२.५ फूट. एकूण २५ फूट, म्हणजे १६४ चौरस फूट माल. रुंदीने टाकले तर प्रत्येकी १०.५ फूट, एकूण २१ फूट, म्हणजे १३८ चौरस फूट. सांधा दोन्हीकडे एकच, पण २६ चौरस फूट माल वाचतो. मोठी नक्षी जुळवायची असेल तर प्रत्येक पन्ह्यामागे नक्षीच्या एका आवर्तनाइतकी लांबी अधिक घ्यावी. सांधा शक्यतो येण्याजाण्याच्या वाटेवर येऊ देऊ नये.

पट्ट्यांसाठी क्षेत्रफळाच्या १० टक्के माल जास्त घ्यावा, तिरप्या मांडणीसाठी १५ टक्के. सगळी खोकी एकाच बॅच क्रमांकाची आहेत हे दुकानातच पाहावे, कारण दोन बॅचच्या छटांत फरक पडतो. उरलेले तुकडे फेकू नयेत, पुढे ठिगळाला तेच लागतात.

बसवताना

माल बसवण्याआधी ४८ तास त्याच खोलीत ठेवावा, म्हणजे तो तिथल्या तापमानाला सरावतो. शीटची गुंडाळी सैल सोडून ठेवावी. भर उन्हातून आणलेले व्हिनाइल लगेच कापले तर रात्री आकसून सांध्यात फट पडते.

क्लिक पट्ट्या जमिनीला चिकटलेल्या नसतात. उष्णतेने त्या प्रसरण पावतात, म्हणून भिंतीच्या कडेने चारही बाजूंना सहा ते दहा मिलिमीटर फट सोडून ती स्कर्टिंगखाली झाकतात. ही फट सोडली नाही तर एप्रिल-मेमध्ये पट्ट्या मधेच उचलल्या जातात. त्यांच्याखाली जाड मऊ फोम घालू नये, कारण पायाच्या दाबाने खाचा मोडतात. अंगभूत कपाट किंवा किचनचा ओटा त्यांच्यावर बांधू नये. आधी कपाट, मग त्याच्या कडेपर्यंत पट्ट्या. लागोपाठच्या दोन ओळींतले आडवे सांधे एकमेकांसमोर येऊ नयेत, निदान आठ इंच अंतर असावे.

चिकटवण्याच्या प्रकारात गोंद दातेरी थापीने सारखा पसरावा आणि वरून रोलर फिरवून हवा काढावी. रबरी गोंदातील द्रावक पेट घेतो. काम चालू असताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात, गॅस आणि देवघरातला दिवा बंद ठेवावा. बसवल्यावर दिवसभर जड सामान ठेवू नये आणि तीन-चार दिवस पाण्याने पुसू नये. पाच-सहा मिलिमीटर उंची वाढल्याने दरवाजे घासतात, त्यामुळे सुताराकडून दाराच्या तळाला रंधा मारून घेण्याचा खर्च आधीच धरावा.

रोजची निगा

झीज-थराचा खरा शत्रू कचकच. वाळूचा कण या प्लास्टिकपेक्षा कितीतरी कठीण असतो आणि पायाखाली तो पॉलिश पेपरसारखा काम करतो. चपला दाराबाहेर काढण्याची आपली रीत येथे उपयोगी पडते. दाराशी पायपुसणे ठेवावे, पण रबरी पाठीचे नव्हे. रबरातील रसायने व्हिनाइलमध्ये उतरून कायमचा पिवळा डाग पडतो. सुती पायपुसणे किंवा सतरंजी चालते.

रोज कुंच्याने किंवा मऊ झाडूने केर काढावा. लादी पुसताना फडके घट्ट पिळून घ्यावे. बादलीभर पाणी ओतून खराट्याने घासण्याची पद्धत इथे चालत नाही, कारण पाणी सांध्यातून खाली जाते. पाण्यात भांडी घासण्याच्या सौम्य द्रवाचे थोडे थेंब पुरतात. द्रव जास्त झाला तर चिकट थर राहतो आणि त्यावर धूळ बसते. अशा वेळी जमीन मळकट दिसते आणि लोक अधिक साबण घालतात. उपाय उलटा आहे, दोनदा साध्या पाण्याने पुसावे. तेलकट फिनाइलचेही तेच होते. ॲसिड, थिनर, ॲसिटोन, तारेची घासणी, घासण्याची पावडर आणि वाफेचा मॉप यांपैकी काहीही वापरू नये. बहुतेक नव्या व्हिनाइलवर कारखान्यातच पॉलियुरेथेनचा लेप दिलेला असतो, त्याला मेण-पॉलिशची गरज नसते.

डाग

हळद : सुक्या फडक्याने टिपून सौम्य द्रवाने पुसावे. कपडे धुण्याचा साबण किंवा सोडा लावला तर डाग लाल होतो, कारण हळदीचे रंगद्रव्य अल्कात रंग बदलते. राहिलेली पिवळी छटा उजेडाने विरते, म्हणून पडदा उघडून काही दिवस वाट पाहावी.

तेल-तूप : आधी कागदाने टिपावे, मग कोमट पाण्यात द्रव घालून पुसावे. लगेच पुसणे अपघात टाळण्यासाठीही आवश्यक.

शाई, बॉलपेन, स्केचपेन : फडक्यावर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलकेच टिपावे, मग पाण्याने पुसावे.

चपलेच्या रबराचे काळे ओरखडे : पेन्सिलीचे खोडरबर पुरते.

मेण : बर्फाचा तुकडा लावून कडक करावे आणि प्लास्टिकच्या पट्टीने उचलावे.

मेंदी आणि केसांचा कलप : यांचा रंग प्लास्टिकमध्येच उतरतो. मुरला की निघत नाही, म्हणून जुनी चादर अंथरूनच ही कामे करावीत.

उष्णता, वजन आणि सण

चुलीवरून उतरवलेली कढई किंवा कुकर थेट व्हिनाइलवर टेकला की गोल वळ उठतो आणि तो कायम राहतो. उदबत्तीची ठिणगी, कापूर, फुलबाजी यांनी काळे भोक पडते. देवघरासमोर दगडी किंवा पितळी ताट ठेवावे. दिवाळीत पणत्या ताटात मांडाव्यात. रांगोळीची भुकटी दगडाची असते. ती घराबाहेर, पाटावर किंवा कागदावर काढावी. सांडली तर फडक्याने पुसू नये, आधी कुंच्याने हळूच गोळा करावी, नाहीतर तीच चरे पाडते.

मोठ्या काचेतून दुपारचे ऊन रोज एकाच जागी पडत असेल तर रंग उडतो आणि क्लिक पट्ट्या फुगतात. तिथे पडदा लावावा. लोखंडी कपाट, पलंग, फ्रीज यांच्या पायांखाली रुंद सपाट चकत्या द्याव्यात आणि त्या वस्तू कधी ओढू नयेत. हलवायच्या असतील तर पायांखाली जुनी घोंगडी सरकवावी. खुर्च्यांच्या पायांना फेल्ट लावून ते वर्षातून एकदा बदलावे. कचेरीच्या खुर्चीला कडक नायलॉनऐवजी मऊ आवरणाची चाके हवीत आणि चाकांच्या जागी पारदर्शक चटई असावी.

दुरुस्ती

शीटमध्ये फुगा आला तर बारीक सुईने टोचून हवा काढावी, इंजेक्शनच्या सिरिंजने गोंद सोडावा आणि पुस्तकांचे ओझे एक दिवस ठेवावे. कड उचलली असेल तर खालची धूळ काढून पुन्हा चिकटवावी. नुसता वरून दाबलेला गोंद धुळीलाच चिकटतो.

भोक किंवा फाटलेली जागा बदलताना जपून ठेवलेला तुकडा नक्षी जुळवून खराब भागावर टेपने लावावा आणि धारदार कटरने दोन्ही थर एकाच वेळी कापावेत. खालचा खराब तुकडा निघतो आणि वरचा नेमका त्याच मापाचा असल्याने फट राहत नाही. चिकटवलेली पट्टी काढायची असेल तर केस वाळवण्याच्या यंत्राने गरम करावी, गोंद मऊ होतो. क्लिक पट्टी बदलण्यासाठी जवळच्या भिंतीकडून एकेक ओळ उकलत यावे लागते, म्हणून पट्ट्या जपून ठेवण्याइतकेच स्कर्टिंग न मोडता काढण्याजोगे असणेही महत्त्वाचे.

झीज-थर संपून नक्षी पुसली गेली की दुरुस्ती नाही, बदल हाच मार्ग. काढलेले व्हिनाइल बंबात, चुलीत किंवा कचऱ्याच्या ढिगात जाळू नये. पीव्हीसीमध्ये वजनाच्या निम्म्याहून अधिक क्लोरीन असते. जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा दाहक वायू सुटतो आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्येही तयार होतात. चांगले तुकडे कपाटाच्या खणांत, माळ्यावर किंवा कुंड्यांखाली अंथरावेत, उरलेले सुक्या कचऱ्यात द्यावेत.